नॉर्मलमधून काढलेली बाई

गोलबाजार, जबलपूर
१४ मार्च १९८८

तीर्थरूप शरयू अक्कांस,
सरोजिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची तीन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही, तेव्हा तुम्ही रागावलेल्या असणार हे धरूनच लिहायला बसले आहे. तुमच्या भावाची तब्येत म्हणाल, तर झटका आला त्या जानेवारीच्या मानानं उत्तम. उजवा पाय काठीच्या आधारानं चालतो. उजवा हात अजून चमचा धरत नाही, पण डावा भराभर शिकतो आहे. जीभ मोकळी झाली. मेडिकलचे डॉक्टर म्हणतात की इतकी सुधारणा फार थोड्यांना होते. सगळं सुधारलं, फक्त माणूस सुधारला नाही.

दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात. हाक मारली तर 'हं', जेवायला वाढलं तर चार घास आणि पुन्हा भिंत. परवा दिवाकरनं मोठ्यानं पेपर वाचताना लाख आणि कोटीचा घोळ घातला, आणि अक्का, हे काही बोलले नाहीत! छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. लग्नात अंतरपाटापलीकडून भटजींची तिथी दुरुस्त केली होती ह्यांनी. पोरगा रिछाईला कारखान्यात निघून गेल्यावर मी मुद्दाम 'सात सत्ते सत्तेचाळीस' असं दोनदा म्हणून पाहिलं. ढिम्म हलले नाहीत.

मेडिकलमध्ये डॉक्टर प्रतिमा दुबे म्हणून एक पोरगी आहे, ह्यांचीच विद्यार्थिनी. अजून ह्यांच्यासमोर खुर्चीत बसत नाही, उभ्यानंच तपासते. ती म्हणाली, 'अम्माजी, स्ट्रोक के बाद कई मरीज़ों को एक उदासी हो जाती है, वह भी बीमारी है.' तिच्याजवळ एक प्रश्नपत्रिका होती. मन लगता है? नींद आती है? जीने की इच्छा है? हे गप्प. आता शेजारी बायको बसलेली असताना प्रश्न काय हवेत सोडायचे? मी म्हटलं, 'लगता है की! मन लगने को क्या हुआ?' अशी सगळी उत्तरं मीच दिली. शेवटी तिनं बेरीज करून सांगितलं, शून्य. मी हादरलेच. ह्यांना शून्य! तर म्हणाली, हे उदासीचे मार्क आहेत, शून्य म्हणजे उदासी अजिबात नाही. मग जिवात जीव आला. पण ती काही खूश दिसली नाही. पुढच्या वेळी ह्यांना एकट्यालाच आत घेणार म्हणते.

अक्का, तुम्हाला म्हणून सांगते. मला नाही वाटत ही बीमारी. मला वाटतं, हे माझ्यावर रुसले आहेत. का, ते मात्र विचारू नका.

तुमची,
सरोजिनी


अमरावती
२१ मार्च १९८८

चि. सौ. सरोजिनीस,
अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट. विष्णूला शून्य मिळाल्याची बातमी तू ओळीनं चार पोस्टकार्डांवर लिहिलीस. आमचा पोस्टमन पुंडलिक सगळी कार्डं वाचतो. दारात उभा राहून मला म्हणाला, 'मोठी आई, मास्तर नापास झाले काहून?' मला त्याला उदासीचे मार्क उलटे असतात हे समजावून सांगावं लागलं, आणि त्याला ते कळलं नाही, कारण ते मलाही कळलेलं नाही. यापुढे पाकीट वापर.

दुसरी गोष्ट. आपल्या घरात उदासी कोणाला झालेली नाही. आपल्याला रागाचा आजार आहे, तो पिढीजात आहे आणि त्यानं कोणी मेलेलं नाही. विष्णू गप्प बसला असेल तर त्याला कारण एकच, तुझं अळणी जेवण. डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं, तू बंदच केलंस. तू मूळची उत्साही. जवसाची चटणी पाठवते आहे. मीठ बेताचं घातलंय, पण घातलंय.

तिसरी आणि मुख्य. ती पोरगी पुन्हा परीक्षा घेणार आहे ना? मग तू करतेस काय? आपल्या घरातला माणूस आजवर तयारीवाचून पेपरला गेलेला नाही. प्रश्न तुला माहीत आहेत. ते क्रमानं लिहून काढ, समोर चांगली उत्तरं लिही, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडून घोकून घे. विष्णू बी. एस्सी.ला असाच पहिला आला होता. एकट्यानं जाऊन उत्तरं दिली की त्या पोरीचंही समाधान होईल आणि तिच्या वहीतून त्याचं नाव कायमचं निघेल.

तुझ्यावर काहून रुसला, हे मी विचारणार नाही. मला अंदाज आहे. चटणी पोचल्याचं कळव.

तुझी,
शरयू अक्का


गोलबाजार, जबलपूर
२ एप्रिल १९८८

तीर्थरूप अक्कांस शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट घेतलं आहे. चटणी पोचली. ह्यांनी बोटावर घेतली, चाखली आणि परत भिंत. बाकीची मी आणि दिवाकरनं संपवली.

आता परीक्षेचं ऐका, आणि मला हसू नका, कारण सल्ला तुमचाच होता. एकवीस प्रश्न मी वहीत काढले. रोज सकाळी चहा झाला की मी विचारायची, हे उत्तर द्यायचे. विरोध केला नाही, हौसही दाखवली नाही, पाढे म्हणतात तसं म्हणत गेले. चार दिवसांत एक चूक होत नव्हती. मी शेजारच्या नर्मदाबाईंना बोलावून त्यांच्यासमोरसुद्धा एकदा तपासून घेतलं. त्या म्हणाल्या, 'भाभी, आता कलेक्टरची परीक्षा द्यायला लावा.'

मंगळवारी प्रतिमानं ह्यांना एकट्याला आत नेलं. मी दाराशी कान लावून उभी. आणि त्या कार्टीनं प्रश्नांचा क्रम बदलला, हो! खालून वर विचारायला लागली. आमची तयारी वरून खाली. तिनं विचारलं, 'सर, रात को कितने घंटे सोते हैं?' हे शांतपणे म्हणाले, 'घर की सब्ज़ी बहुत अच्छी लगती है.' तिनं विचारलं, 'भूख लगती है?' हे म्हणाले, 'सात घंटे, बीच में एक बार उठता हूँ.' मग तिनं हळूच विचारलं, 'सर, कभी रोना आता है?' आणि हे म्हणाले, 'जी हाँ, रोज़ सुबह-शाम, दत्त मंदिर तक.' ते फिरायला जाण्याचं उत्तर होतं, अक्का. आणि फिरायला तर हे जातच नाहीत, ते मीच बनवून लिहिलेलं!

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा माझी वही माझ्या हातातच होती. तिनं ती मागून घेतली, सगळी वाचली, आणि रागावण्याऐवजी खाली बाकावर माझ्याजवळ बसली. म्हणाली, 'अम्माजी, आपने सर को रटवा दिया. ठीक है. खून को कोई रटवा नहीं सकता.'

तर आता रक्ताची परीक्षा आहे. तिनं समजावलं तसं लिहिते. आपल्या अंगात काळजीचा एक रस तयार होतो, त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. झोपायच्या वेळी एक बारीक गोळी घ्यायची. धडधाकट माणसाच्या अंगात त्या गोळीनं तो रस दबतो आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता रक्त काढलं की त्याचा आकडा पाचाच्या खाली येतो. पण झटक्यानंतर ज्यांना ती उदासी धरते, त्यातल्या बऱ्याच जणांचा आकडा दबत नाही, वरच राहतो. म्हणजे माणूस तोंडानं काही का सांगेना. मी विचारलं, मग हा पक्का पुरावा का? तर म्हणाली, 'नहीं, खून इशारा करता है, फ़ैसला नहीं सुनाता.' ती ह्यावरच अभ्यास करून राहिली आहे, तीस रोगी गोळा केलेत.

आणि अक्का, आता खरी बातमी. तीस रोगी असले की त्यांच्याशी ताडून पाहायला तीस निरोगी माणसं लागतात, त्याच वयाची. त्यांना 'नॉर्मल' म्हणतात. नर्मदाबाई लगेच तयार झाल्या, पण ब्लडप्रेशर निघालं म्हणून बाद. खालच्या मजल्यावरचे भय्यासाहेब साखरेमुळे बाद. आणि मी पास! बी.पी. ठीक, साखर ठीक, प्रश्नपत्रिकेत शून्य. ती तर न घोकता आली. माझं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं, 'नॉर्मल क्रमांक अकरा'. ह्या घरात चाळीस वर्षांत माझी कशासाठी निवड झाली असेल तर ती ही पहिलीच. येताना मी कमानिया गेटजवळून खोव्याची जिलेबी आणली. ह्यांनी एक तुकडा खाल्ला.

दोघांनाही गुरुवारी गोळी आहे.

तुमची,
सरोजिनी


अमरावती
९ एप्रिल १९८८

चि. सौ. सरोजिनीस अनेक आशीर्वाद.

तू आणि नॉर्मल!

तुला पाहायला आलो तेव्हा तू चहाच्या ट्रेसकट उंबरठ्यावर अडखळलीस आणि रडण्याऐवजी इतकी हसलीस की आमचे मामा घाबरून उठून उभे राहिले. तेव्हाच मी आईला म्हटलं होतं. पण विष्णू म्हणाला, हीच. असो. सरकारनं तुला नॉर्मल ठरवलं असेल तर मी कोण बोलणारी? आमच्याकडे आता तू नॉर्मल क्रमांक अकरा म्हणूनच ओळखली जातेस.

परीक्षेतला गोंधळ वाचून मी हसले नाही. थोडी हसले. पण मग 'रोज़ सुबह-शाम' हे पुन्हा वाचलं आणि ताट बाजूला सारलं. चुकून का होईना, हो म्हणाला ना तो? सरोजिनी, मला खरं सांग. तो रडतो का? तू काय काय लपवतेस माझ्यापासून? दर पत्रात तुझं गमतीचं लिहिणं वाचते आणि मला वाटतं, ही बाई माझ्या भावाचं दुःख हसण्यावारी नेते आहे.

रक्ताचं मला पटत नाही. रक्तात कावीळ दिसते, मलेरिया दिसतो. मन दिसायला लागलं तर जगणं कठीण होईल. उद्या सासवा सुनांचं रक्त तपासायला लागतील. तरी पण आकडा आला की कळव. आणि तू घरात तोंड पाडून फिरू नकोस. आजाऱ्यासमोर बाईनं हसतमुख असावं.

तुझी,
शरयू अक्का


गोलबाजार, जबलपूर
२६ एप्रिल १९८८

तीर्थरूप अक्कांस शिरसाष्टांग नमस्कार.

आकडे आले. बाहेरगावी बर्फात घालून पाठवलेलं रक्त होतं म्हणून वेळ लागला.

ह्यांचा नऊ. पाचाच्या खाली यायला हवा होता. म्हणजे प्रतिमाचं खरं ठरलं, ही उदासी आजाराची आहे. मेंदूच्या ज्या बाजूला झटका आला, त्या बाजूच्या रोग्यांत ती जास्त दिसते, असं तिचं म्हणणं. ह्यांनी ती मुद्दाम धरलेली नाही, आणि जवसाच्या चटणीनं जाणारीही नाही. गोळी लिहून दिली आहे, तीन-चार आठवडे धीर धरा म्हणाली.

माझा बारा.

नीट वाचा. बारा. तुमच्या भावाहून तीन जास्त. प्रतिमाला वाटलं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. तिनं मला पुन्हा गोळी दिली, पुन्हा रक्त घेतलं. साडेबारा. मग फार अवघडून म्हणाली, 'अम्माजी, आपको नॉर्मल में नहीं रख सकते.' आणि माझ्या डोळ्यांदेखत रजिस्टरमध्ये माझ्या नावावर आडवी रेघ मारली. निरोगी माणसांतून मला काढून टाकलं, अक्का! नॉर्मल क्रमांक अकरा आता एक रेल्वेतले चंद्रशेखर म्हणून गृहस्थ आहेत.

मी भांडले. म्हटलं, माझ्या प्रश्नपत्रिकेत शून्य आहे, ते बघ. तर तिनं पेन खाली ठेवलं आणि तीच प्रश्नपत्रिका पुन्हा काढली. म्हणाली, ह्या वेळी सर बाहेर बसलेत, ऐकणारं कोणी नाही. 'नींद आती है?' मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मानेनं 'नाही' म्हटलं. जानेवारीपासून मी सलग दोन तास झोपलेली नाही. तिसऱ्या प्रश्नाला मी तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. तुम्ही लिहिलंत, हसतमुख असावं. होतेच की. मोरीत नळ सोडून रडायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची.

तुम्ही विचारलंत काय लपवते. लिहून टाकते एकदा.

तीन जानेवारीला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मी शिरा केला होता. गमतीनं ह्यांना विचारलं, 'मास्तर, आपल्या संसाराला शंभरपैकी किती मार्क?' ह्यांनी चष्मा काढला, पुसला, खरोखर विचार केला आणि म्हणाले, 'बासष्ट.' बासष्ट! चाळीस वर्षं, तीन बाळंतपणं, ह्यांच्या आईचं सहा वर्षांचं आजारपण, आणि डिस्टिंक्शनही नाही! मी ताट उचललं आणि बोलणं बंद केलं. दोन दिवस एक शब्द नाही. हे मागे मागे येत होते, 'अगं ऐक तर,' म्हणत होते. मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना हे खाली पडले.

मी बोलले असते तर पडले नसते. मला हे चार महिने रोज वाटतं. आणि हे गप्प बसले, तेव्हा मला वाटलं, आता माझी शिक्षा चालू झाली. म्हणून मी प्रतिमासमोर ह्यांची उत्तरं देत सुटले. मला भीती होती, हे तोंड उघडतील आणि म्हणतील, माझ्या मनाला काय झालं ते हिला विचारा.

हे कोणाजवळ बोलू नका. मलाही गोळी दिली आहे. दिवाकरला सांगितलं, ताकदीची आहे.

तुमची,
सरोजिनी


अमरावती
३ मे १९८८

सरोजिनी,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी तुला चांगलं रागावते.

तू महामूर्ख बाई आहेस. दोन दिवस बायको बोलली नाही म्हणून कोणाला झटका येतो का? आमचे आबा आईशी अकरा वर्षं बोलत नव्हते, मधे आम्हा पोरांना ठेवून निरोप चालायचे, आणि दोघंही नव्वदीला टेकले. विष्णूला झटका आला तो तंबाखूनं, रक्तदाबानं आणि गोळ्या उशीखाली लपवून ठेवण्यानं. हे त्या पोरीनंही तुला सांगितलं असणार, तू ऐकलं नसशील. आणि तो रुसून तुला शिक्षा देतो आहे, हेही डोक्यातून काढ. अबोल्यानं माणसं मरत असती तर अमरावतीत पुरुष उरले नसते.

आता बासष्टचं. अगं, तू चाळीस वर्षं त्याच्या घरात राहिलीस आणि तुला त्याचं तपासणं कळलं नाही? शाळेत छत्तीस वर्षांत त्यानं कोणाला साठाच्या वर दिले आहेत? एक पोरगा विद्यापीठात सुवर्णपदक घेऊन आला, त्याला विष्णूनं एकोणसाठ दिले होते आणि 'अक्षर सुधारा' असा शेरा. चार-पाच वर्षांमागे मी त्याला विचारलं, बहीण म्हणून मला किती? म्हणाला, अठ्ठावन्न. सख्ख्या बहिणीला! मी महिनाभर पत्र लिहिलं नव्हतं, आठवतं? तुम्हाला वाटलं होतं मला मलेरिया झाला. तर तुला बासष्ट मिळाले हे वाचून मला काय वाटलं असेल याचा विचार कर आणि माझ्यासमोर पुन्हा ते रडगाणं गाऊ नकोस.

मी तुला कडक पत्रं लिहिली, कारण मला भीती वाटत होती. इथे बसून भावाचं काही करता येत नाही, तर माणूस भावजयीला रागावतो. हे खरं आहे आणि मी ते एकदाच लिहिते आहे, त्याचा गैरफायदा घेऊ नकोस. गोळी वेळेवर घे. ताकदीची वगैरे खोटं दिवाकरला सांगू नकोस, पोरगा तिशीचा आहे.

बारा आकडा आलेल्या बाईनं चार महिने चार घरची माणसं हसवत ठेवली, हे माझ्यानं झालं नसतं.

आता आशीर्वाद.

शरयू अक्का


गोलबाजार, जबलपूर
१७ मे १९८८

ती. अक्कास,
विष्णूचा सा. नमस्कार.

अक्षर डाव्या हाताचं आहे. ह्या पत्राला तीन दिवस लागले. वाक्यं लहान आहेत ती त्यामुळे.

तुझं हिला आलेलं पत्र मी फोडलं. तसं करू नये. पण ही झोपली होती. दुपारी दीड वाजता, अंथरुणावर, घोरत. आमच्या घरात हे दृश्य मी पूर्वी पाहिलेलं नाही. पोस्टमनची हाक ऐकून हिला उठवणार होतो, मग म्हटलं नको. स्वतः उठलो. काठी घेऊन दारापर्यंत गेलो, पाकीट घेतलं, आणि नाव न बघता फोडलं. मायना न बघता आधी नजर 'महामूर्ख'वर पडली, तेव्हा वाटलं मलाच लिहिलं आहेस.

सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

ही उठेपर्यंत खुर्ची ओढून पलंगाशी बसलो. डोळे उघडल्यावर घाबरली. म्हणाली, 'काय झालं? पडले का?' मी म्हटलं, 'नाही. तुला काहून असं वाटलं की मी तुझ्यावर रुसून राहिलो?' ही म्हणाली, 'तुम्ही बोलतच नव्हते ना.' मी म्हटलं, 'अगं, रुसायला आधी काहीतरी वाटावं लागतं. मला काहीच वाटून नव्हतं राहिलं. ना राग, ना भूक, ना तू.' हे शेवटचं बोलायला नको होतं, पण तेच खरं होतं. ही म्हणाली, 'मीसुद्धा नाही?' मी म्हटलं, 'तू मोरीत नळ सोडून रडायची, ते ऐकू यायचं. तेवढंच वाटायचं. की हिला मी जड झालो, आता उठून कुठं तरी निघून जावं. रोज ठरवायचो. उठवतच नव्हतं.'

अक्का, आम्ही दोघं एका खोलीत चार महिने एकमेकांना भिऊन बसलो होतो. ही समजत होती मी हिला शिक्षा करतो. मी समजत होतो ही मला कंटाळली. दोघांचंही उत्तर चूक, आणि दोघांनीही समोरच्याला विचारून पाहिलं नाही. असा पेपर मी पोरांचा फाडला असता.

मग आम्ही रडलो. नळ न सोडता. नेमका दिवाकर लवकर आला. आईबाबा दोघं रडतात बघून त्यानं बूटसुद्धा काढले नाहीत, भय्यासाहेबांच्या घरून प्रतिमाला फोन लावला. ती म्हणाली, 'दोनों रो रहे हैं? साथ में? बहुत अच्छा, रोने दीजिए.' पोरगा फोन ठेवून बराच वेळ जिन्यात बसला होता. त्याला सगळं सांगितलं. त्यालाही कळलं होतं म्हणतो, फक्त आम्ही लपवतो म्हणून तोही लपवत होता.

मी बरा झालो असं समजू नकोस. सकाळी अजून जड असतं. कधी कधी दुपारपर्यंत भिंतच बरी वाटते. पण परवा दूधवाला नथ्थू हिशेब सांगताना चुकला आणि मला त्याचा राग आला. चांगला आला. त्याला दारात उभं करून पुन्हा बेरीज करायला लावली. ही आतून बघत होती. नथ्थू गेल्यावर मी विचारलं, 'काय झालं?' तर म्हणे, काही नाही, कांदा कापते. कांदा फडताळात होता.

हिची गोळी द्यायचं काम प्रतिमानं माझ्याकडे दिलं आहे, आणि माझी द्यायचं हिच्याकडे. संध्याकाळी सहा वाजता आम्ही समोरासमोर बसून एकमेकांना गोळ्या देतो. हिचा आकडा माझ्याहून वर आहे. म्हणजे घरात जास्त आजारी ही आहे, आणि काळजी माझी घेतली जात होती. ते आता बदललं आहे. सकाळचा चहा मी करतो. डाव्या हातानं अर्धा सांडतो. उरलेला अर्धा ही पिते आणि बरा झाला म्हणते.

एक मागणं आहे. तू हिला आता रागावणारं पत्र पाठवू नकोस. तुझं मन मला कळतं, पण तिला ते दोन दिवस पुरतं. रागावायचं असेल तेव्हा माझ्या नावानं लिही, जेवढं हवं तेवढं. मी घरीच असतो, आणि आता मला वाईट वाटू शकतं.

तुझा,
विष्णू